आरंभाचे मापन : ‘सुटणे’, ‘सोडणे’ आणि ‘लागणे’

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्याच्या उत्तर टोकाला, वाशिष्ठी नदी जेथे दाभोळच्या खाडीच्या रूपाने समुद्रास मिळते तेथे दक्षिण तीरावर अंजनवेल हे गाव आहे. वर जांभ्या दगडाचा सडा, सड्यावर गोपाळगड, खाली माडांची गर्द राई आणि उतारावर पायरीपायरीने उतरणारी भाताची लहान लहान खाचरे, अशी ह्या किनाऱ्यावरील अनेक गावांची असते तशीच त्याची रचना आहे. (ज्या वीजप्रकल्पाने हा परिसर देशभर गाजला त्याला नाव मात्र पलीकडच्या तीरावरील दाभोळचे मिळाले. वस्तू एकीकडे आणि नाव दुसरीकडे, असा प्रकार पुढील विवेचनातही एकदा आढळेल.) ह्या भूरचनेचा एका क्रीडाप्रकाराशी निकट संबंध आहे. पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण, संगमेश्वर, लांजा, गुहागर आदी तालुक्यांत चिखलातील नांगरणीच्या शर्यती होतात. घाटी आणि गावठी बैलांचे गट वेगळे असतात. नांगराला जुंपलेली जोडी चिखलातून धावते, मागे नांगराचा रुमणा धरून माणूस धावतो, आणि निर्णय घड्याळावर होतो. गाडीला चाके असतात. नांगराला ती नसतात. ओढली जाणारी वस्तू पृष्ठभागावरून घसरत, घासत जाते. म्हणून तत्त्वतः ह्या शर्यतीचे नाते बैलगाडा शर्यतीपेक्षा हिमप्रदेशातील घसरगाड्यांच्या शर्यतीशी अधिक जवळचे आहे.

हे नाते केवळ चमत्कृतीसाठी सांगितलेले नाही. घसरगाड्यांच्या शर्यतींत आरंभाच्या मापनाचा विचार पुष्कळ झालेला आहे. चिखलातील शर्यतींत तो जवळजवळ झालेला नाही. आणि जेथे आरंभ म्हणजे काय हे निश्चित न करता काळ मोजला जातो तेथे आकडा कितीही सूक्ष्म असला तरी त्याचा अर्थ संदिग्धच राहतो. ह्या संदिग्धतेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ह्याच किनारपट्टीवर, परंतु अंजनवेलच्या बरेच दक्षिणेस, तुळुभाषी प्रदेशात घडले.

दक्षिण कन्नड जिल्ह्यातील ऐकळ येथे १ फेब्रुवारी २०२० रोजी झालेल्या कंबळात श्रीनिवास गौडा ह्या धावपटूने रेड्यांच्या जोडीबरोबर १४२.५ मीटरचा चिखलपाण्याचा पट्टा १३.६२ सेकंदांत पार केला. कोणीतरी त्रैराशिक मांडले, १०० मीटरला ९.५५ सेकंद असे उत्तर काढले आणि ते उसेन बोल्टच्या ९.५८ सेकंदांच्या जागतिक विक्रमाशेजारी ठेवले. वृत्त जगभर गेले. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चाचणीसाठी बोलावणे धाडले. गौडा ह्यांनी ते नाकारले. एवढेच नव्हे, तर धावण्याचे श्रेय त्यांनी आपल्या रेड्यांना दिले. सर्व गदारोळात परिभाषेच्या दृष्टीने अचूक असे विधान तेवढेच एक होते, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम गणित पाहू जाता, १३.६२ ला १४२.५ ने भागून १०० ने गुणिले असता ९.५५८ येतात, म्हणजे ते ९.५६ लिहावयास हवे होते. दशांशाचे तिसरे स्थान छाटून टाकल्याने एक शतांश सेकंद फुकट मिळाला. परंतु ही क्षुल्लक बाब झाली. मूळ दोष त्रैराशिकात आहे. त्रैराशिक हे गृहीत धरते की पट्ट्याचा प्रत्येक मीटर सारख्याच वेळात काटला जातो. धावण्याच्या शर्यतीत हे कधीच घडत नाही, आणि न घडण्याचे कारण म्हणजे आरंभ.

बोल्टच्या १६ ऑगस्ट २००९ च्या बर्लिन येथील धावेचे वीस-वीस मीटरांचे टप्पे मोजले गेले आहेत. पहिल्या वीस मीटरांस २.८९ सेकंद लागले. त्यांत पिस्तुलाच्या आवाजास प्रतिसाद देण्यात गेलेले ०.१४६ सेकंदही आले. पुढच्या वीस मीटरांस १.७५, त्यापुढील टप्प्यास १.६७, साठ ते ऐंशी ह्या टप्प्यास १.६१ आणि अखेरच्या टप्प्यास १.६६ सेकंद. म्हणजे अंतराचा एक-पंचमांश भाग पार करण्यात एकूण काळाचा तीस टक्के हिस्सा खर्च झाला. आरंभाचा हा टप्पा वगळून उरलेल्या ऐंशी मीटरांवर त्रैराशिक चालविले तर त्याच धावेचा दर शंभर मीटरांस ८.३६ सेकंद असा निघतो. आरंभाची किंमत ठरलेली असते; अंतर वाढले की ती अधिक मीटरांवर वाटली जाते आणि सरासरी सुधारल्यासारखी दिसते. म्हणून १४२.५ मीटरांची सरासरी १०० मीटरांच्या विक्रमाशी ताडून पाहणे म्हणजे सुरुवातीचा कर एकाकडून पूर्ण व दुसऱ्याकडून सवलतीने वसूल करण्यासारखे आहे.

ह्याच पद्धतीने बोल्टला न्याय द्यावयाचा तर साधन उपलब्ध आहे. १७ मे २००९ रोजी मँचेस्टरच्या रस्त्यावर घातलेल्या सरळ पट्ट्यावर त्याने १५० मीटर १४.३५ सेकंदांत पार केले होते. त्रैराशिकाने त्याचे १०० मीटरांचे मान ९.५७ सेकंद येते. म्हणजे ऐकळच्या आकड्याहून केवळ एका शतांशाचा फरक! ह्यावरून दोघे समान ठरतात असे नव्हे. त्याच धावेतील शेवटचे १०० मीटर बोल्टने ८.७० सेकंदांत काटले होते. आणि त्याला कोणीही ओढत नव्हते. आरंभ वगळला की आकडे कोठवर घसरतात ह्याचे आणखी एक प्रत्यंतर रिले शर्यतीत मिळते. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जमैकाच्या चौघांनी ४ × १०० मीटर अंतर ३६.८४ सेकंदांत पार केले. प्रत्येकी सरासरी ९.२१. चौघांपैकी एकच जण स्थिर अवस्थेतून निघतो, बाकीचे तिघे दांडी हाती येण्यापूर्वीच धावू लागलेले असतात. ह्या ९.२१ वरून जमैकाच्या चौघांनाही विश्वविक्रमवीर ठरविण्याचा उद्योग कोणी केला नाही. चिखलाच्या बाबतीत मात्र तो झाला. चिखल हा पृष्ठभाग अपरिचित आणि आश्चर्यकारक वाटतो. आश्चर्य वाटले की गणिताकडे दुर्लक्ष होते.

येथवरचा मुद्दा कोणताही क्रीडाशिक्षक सांगू शकेल. परंतु त्या आकड्याबरोबर घड्याळ नेमक्या कोणत्या क्षणी चालू झाले ही माहिती जोडलेली नव्हती, आणि ती कोणी मागितलीही नाही, ह्या गोष्टीचे मूळ भाषेत शोधावे लागते. ‘सुरुवात’, ‘प्रारंभ’, ‘आरंभ’ ही नामे आरंभास एका बिंदूचे रूप देतात. सभेची सुरुवात होते, व्याख्यानमालेचा प्रारंभ होतो. बिंदू ठरला की त्यापुढचे सर्व ‘मध्य’. मराठी क्रियापदे ह्या नामांपेक्षा अधिक चोखंदळ आहेत.

‘सुटणे’ घ्या. तुट-तोड, फुट-फोड ह्या जोड्यांप्रमाणे सुट-सोड ही अकर्मक-सकर्मक जोडी आहे. वारा सुटतो तेव्हा वाहणे चालू होते. शाळा सुटते तेव्हा शिकणे संपते. आगगाडी सुटते तेव्हा ती फलाट सोडते. एकाच धातूने आरंभही सांगावा आणि शेवटही, हा विरोधाभास वरवरचा आहे. ‘सुटणे’ हे क्रियापद गतीविषयी काहीच बोलत नाही. बंधन गेले, एवढेच ते सांगते. बंधन गेल्यावर काय होईल ते ज्या त्या वस्तूच्या स्वभावावर अवलंबून राहते. शाळेतली मुले घरी जातात, बाण लक्ष्याकडे जातो, गाठ सुटली तर दोरी नुसती पडून राहते. ‘सोडणे’ ह्यात बंधन काढणारा कर्ता पुढे येतो: बैल सोडले, जोडी सोडली. ह्याच्या उलट ‘लागणे’. तो धावू लागला, पाऊस पडू लागला, गाडी मार्गी लागली. ‘लागणे’ ह्या धातूचा मूळ भाव चिकटण्याचा, जडण्याचा आहे. म्हणजे मराठीत क्रियेचा आरंभ दोन प्रकारे सांगता येतो: कशापासून तरी सुटून, किंवा कशाला तरी लागून. ‘पळत सुटला’ आणि ‘पळू लागला’ ह्यांतील अंतर मराठी बोलणाऱ्या लहान मुलासही कळते. पहिल्यात आवेग आहे आणि ताबा नाही. दुसऱ्यात पाय जमिनीला लागलेले आहेत. पळत सुटलेला माणूस कोठे थांबेल हे त्यालाही सांगता येत नाही.

स्थिर अवस्थेतून होणाऱ्या कोणत्याही धावेत ही दोन्ही टोके असतात. आधी सुटणे, मग लागणे. आणि दोहोंच्या मधला जो काळ तोच खरा आरंभ. तो बिंदू नसून अंतर आहे, म्हणूनच तो मोजता येतो. बिंदू मोजता येत नाही. फार तर नोंदता येतो.

ही व्यवस्था घसरगाड्यांच्या क्रीडेत जितकी उघड दिसते तितकी अन्यत्र दिसत नाही. ह्या क्रीडेचे तीन प्रकार आहेत. बॉबस्लेमध्ये दोघे किंवा चौघे जण जड गाडी ढकलत धावतात आणि चालत्या गाडीत उड्या टाकतात. स्केलेटनमध्ये एकटा खेळाडू वाकून, गाडी ढकलत धावतो आणि पालथा होऊन डोके पुढे करून तिच्यावर झेपावतो. ल्यूजमध्ये खेळाडू गाडीवर बसलेलाच असतो. दोन बाजूंच्या मुठी धरून तो मागेपुढे झोके घेतो, जोराने स्वतःस पुढे खेचतो, मुठी सोडतो आणि काटे लावलेल्या हातमोज्यांनी बर्फ मागे लोटतो. पहिल्या दोहोंत पिस्तूल नाही. हिरवा दिवा लागल्यावर बॉबस्लेच्या चमूस साठ सेकंदांची आणि स्केलेटनपटूस तीस सेकंदांची मुभा असते. त्या अवधीत केव्हा निघावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावयाचे. त्यामुळे धावण्याच्या शर्यतीत प्रतिसादाचा जो काळ मोजला जातो, आणि जो एक-दशांश सेकंदाहून कमी भरल्यास धावपटू बाद ठरतो, तो येथे अस्तित्वातच नाही. येथे कोणी सोडीत नाही. खेळाडू आपण होऊन सुटतो.

आणि घड्याळ? ते तेव्हा चालू होत नाही. आरंभाच्या ठोकळ्यापासून पंधरा मीटर पुढे एक प्रकाशकिरण आडवा टाकलेला असतो. गाडीने तो तोडला की काळ मोजला जाऊ लागतो. त्यापुढील पन्नास मीटरांचा, म्हणजे पंधरा ते पासष्ट मीटरांचा, काळ हाच ‘आरंभकाळ’ म्हणून फलकावर झळकतो. चौघांच्या बॉबस्लेमध्ये तो पाच सेकंदांच्या आसपास असतो. ह्या नावाची चिकित्सा केली पाहिजे. ज्यास आरंभकाळ म्हटले जाते त्यात पहिला रेटा नाही, पहिली पावले नाहीत. गाडी निश्चल होती तो क्षण तर नाहीच. घड्याळ चालू होते तेव्हा खेळाडू भरधाव असतो. दुसऱ्या टोकास, पासष्ट मीटरांपाशी, गाडीवर चढण्याची क्रिया कोणाची पुरी झालेली असते, कोणाची नुकतीच होत असते. मराठी क्रियापदांत सांगावयाचे तर ‘सुटणे’ किरणाच्या अलीकडे राहिले आणि ‘लागणे’ पुष्कळदा मोजपट्टीच्या शेवटाशी येऊन पडले. दोहोंच्या मधला एक सोयीस्कर तुकडा कापून घेऊन त्याला संपूर्णाचे नाव दिले गेले.

ह्यावर आक्षेप असा येईल की पहिल्या पंधरा मीटरांतील पराक्रमाचे फळ पुढच्या पन्नास मीटरांत आपोआप दिसतेच. जो जोराने सुटला तो किरणापाशी अधिक वेगाने येणार. आक्षेप अर्धा खरा आहे. पन्नास मीटरांचा काळ हा त्या टप्प्यातील सरासरी वेग सांगतो. टप्प्याच्या शेवटी वेग किती होता हे सांगत नाही. दोन खेळाडूंचा आरंभकाळ शतांशापर्यंत सारखा असू शकतो, आणि तरीही एक जण प्रारंभी वेगवान होऊन अखेरीस मंदावलेला व दुसरा अखेरपर्यंत वेग चढवीत गेलेला असू शकतो. उतारावर नेली जाणारी शिदोरी दुसऱ्याचीच मोठी. शिवाय गाडीवर झेपावताना जो धक्का बसतो, गाडी आडवी होते, एखादा धारपट्टा बर्फात रुततो, त्याची झळ पासष्ट मीटरांच्या पुढेच लागते. अतिधावेचा लोभही येथे नडतो. उतार वाढत जातो तसा गाडीचा वेग माणसाच्या पायांच्या वेगास गाठतो. त्यानंतर धावणारा ढकलीत नसतो, गाडीच्या मागे फरफटत असतो. त्या क्षणापूर्वी चढणे हे कौशल्य. ह्या खेळांच्या वर्तुळांत एक सूत्र सतत उच्चारले जाते: वर गमावलेला एक-दशांश सेकंद खाली तीन-दशांश होतो. सूत्राचा गाभा बरोबर आहे. आरंभी जो वेग कमी पडतो त्याचे व्याज संपूर्ण मार्गावर भरावे लागते. परंतु हे व्याज वेगावर लागते, आरंभकाळावर नव्हे. सूत्राच्या शब्दयोजनेत काळ आला आणि प्रशिक्षणाचे लक्ष काळाकडे वळले. जेथे पंधरा मीटरांपासून पुढे अनेक किरण टाकून किंवा वेगमापक यंत्राने प्रत्येक पावलाचा वेग टिपला जातो, आणि चढतानाचे चित्रण संथ करून पाहिले जाते, तेथे ही चूक सुधारलेली आहे. तथापि फलकावर व वृत्तांत अद्याप आरंभकाळच राज्य करतो.

एवढा सूक्ष्म विचार करण्याचे कारण नाही, असे ह्या खेळांविषयी तरी म्हणता येत नाही. २०१८ च्या प्याँगचांग ऑलिंपिकमध्ये दोघांच्या बॉबस्लेत चार फेऱ्यांची बेरीज कॅनडा आणि जर्मनी ह्या दोन्ही चमूंची ३ मिनिटे १६.८६ सेकंद अशी तंतोतंत सारखी आली आणि दोन सुवर्णपदके द्यावी लागली. ल्यूजमध्ये असाच पेच १९७२ साली साप्पोरो येथे पडला होता. त्या खेळात आता सहस्रांश सेकंद मोजतात.

आता पुन्हा खाचराकडे. अंजनवेलसारख्या उतारावरील गावात शंभर मीटरांचे सरळ, सपाट, पाण्याने भरता येईल असे शेत मिळणे दुरापास्त असते. खाचर लहान, बांधांनी वेढलेले. कंबळाचे पट्टे मुद्दाम लांब व सरळ बांधलेले असतात. कोकणातील नांगरणीची शर्यत आहे त्या शेताच्या मापात बसवावी लागते. ह्याचा परिणाम असा की एकूण काळात आरंभाचा वाटा कंबळापेक्षाही येथे मोठा ठरतो. बोल्टच्या पहिल्या वीस मीटरांनी तीस टक्के काळ खाल्ला तो शंभर मीटरांच्या धावेत. पट्टा जितका तोकडा तितकी आरंभाची सत्ता अधिक. म्हणजे ज्या शर्यतीत आरंभाचे मापन सर्वांत अधिक गरजेचे, तीतच ते सर्वांत दुर्लक्षित राहिले आहे.

त्यात चिखलाचा स्वभाव वेगळा. बर्फावर स्थिर गाडीस हलवावयास जोर लागतो, परंतु बर्फ तिला गिळीत नाही. चिखलात थांबलेली वस्तू रुतते. जितका वेळ थांबेल तितकी अधिक. जोडी आरंभरेषेवर उभी करून पंचाच्या इशाऱ्याची वाट पाहण्यात जे क्षण जातात त्यांत बैलांचे खूर, नांगराचा फाळ आणि माणसाचे पाय हे तिन्ही खाली जात असतात. पहिला हिसका हा पुढे जाण्यासाठी नसतोच, तो वर येण्यासाठी असतो. शिवाय बैल दोन आणि माणूस तिसरा. जोडीतला एक अगोदर उठला तर जू तिरके होते आणि दुसऱ्याच्या मानेवर ओढ येते. चौघांच्या बॉबस्लेत चार जणांना एकाच तालात उठवण्यासाठी पुकारा ठरलेला असतो आणि त्याचा सराव महिनोन् महिने चालतो. बैलांच्या जोडीत तो ताल बसवण्याचे काम आवाजाने, कासऱ्याने आणि वर्षानुवर्षांच्या सहवासाने होते. तो उत्तम बसलेला आहे की नाही हे जाणकार शेतकरी पाहताक्षणी सांगतो. घड्याळ सांगत नाही.

घड्याळाचे आणखी एक वैगुण्य आहे. हातातील घड्याळावर शतांश सेकंद दिसतात म्हणून ते मोजले गेले असे होत नाही. मैदानी स्पर्धांच्या व्यवहारात हाताने घेतलेली १०० मीटरांची वेळ विद्युत्-मापनाशी ताडून पाहताना तीत ०.२४ सेकंद मिळविण्याचा संकेत आहे. कारण आरंभी अंगठा उशिरा दबतो आणि अखेरीस शर्यत डोळ्यांसमोर येताना दिसत असल्याने तो उशीर भरून निघत नाही. सेकंदास दहा मीटर ह्या वेगाने २४ शतांशांत सुमारे अडीच मीटर अंतर काटले जाते. जवळजवळ एका बैलाच्या लांबीइतके. अशा घड्याळावर दोन जोड्यांत तीन शतांशांचा फरक दाखवून क्रमांक लावणे हा न्याय नसून सोडत आहे. आजच्या साध्या भ्रमणध्वनीतील चित्रणात सेकंदास तीस चौकटी असतात, संथ चित्रणात २४० पर्यंत; म्हणजे एका चौकटीस सुमारे चार सहस्रांश सेकंद. आरंभरेषेच्या बाजूला तिवईवर स्थिर ठेवलेला असा एक आणि शेवटी दुसरा, दोहोंना जोडणारी एखादी सामाईक खूण, एवढ्यावर पुष्कळ काम होण्यासारखे आहे. ह्यास मोठा खर्च नाही. निश्चय हवा, आणि त्याहून अधिक म्हणजे व्याख्या हवी.

व्याख्येचा प्रश्न असा की कोणाचा आरंभ मोजावयाचा? येथे ऐकळच्या आकड्याकडे परत यावे लागते. ‘जोडी सुटली’ असे मराठीत म्हणतात. तिच्यामागून माणूस धावतो म्हणून ‘माणूस सुटला’ असे शर्यतीच्या संदर्भात कोणी म्हणत नाही. सुटण्याचे कर्तृत्व भाषेने जनावराकडे ठेवले आहे आणि सोडण्याचे माणसाकडे. वृत्तांनी मात्र धाव माणसाच्या नावावर जमा केली: पुन्हा वस्तू एका तीरावर आणि नाव दुसऱ्या. यांत्रिकदृष्ट्याही भाषेचाच निवाडा योग्य आहे. धावपटूंच्या सरावात दोन परस्परविरुद्ध पद्धती आहेत. एकीत कमरेस पट्टा बांधून मागे वजन ठेवलेली घसरती फळी ओढीत धावावयाचे. हा सराव आरंभीचा रेटा वाढविण्यासाठी. दुसरीत लवचीक दोरीने धावपटूस पुढे खेचावयाचे. तेव्हा तो आपल्या स्वाभाविक मर्यादेहून अधिक वेगाने धावू शकतो, परंतु त्या वेगाची नोंद कोणी विक्रम म्हणून करीत नाही. रेड्यांच्या किंवा बैलांच्या मागे दोर वा रुमणा धरून धावणारा मनुष्य ह्या दुसऱ्या अवस्थेत असतो. ह्यात त्याचे कौशल्य उणे ठरत नाही. चिखलात, ओढले जात असताना, तोल सांभाळून जोडीस सरळ ठेवणे ही स्वतंत्र विद्या आहे. शंभर मीटरांची धाव ही दुसरी विद्या. श्रीनिवास गौडा ह्यांनी चाचणी नाकारली तेव्हा ह्या दोहोंतील भेद त्यांना पुरेपूर ठाऊक होता. तो ज्यांना ठाऊक नव्हता त्यांनी हळहळ व्यक्त केली.

कंबळाच्या परंपरेत ह्याविषयी एक मार्मिक तडजोडही आढळते. त्यातील गट ओढल्या जाणाऱ्या वस्तूवरून पडतात: नांगराचा, दोराचा, फळीचा. (फळीस कन्नडात ‘हलगे’ म्हणतात, मराठीतील ‘हलगी’ ह्या वाद्यनामाशी तो शब्द जोडण्याचा मोह होतो, पण येथे तो आवरावा.) भोके पाडलेल्या फळीच्या गटात माणूस त्या लाकडावर पाय रोवून उभा राहतो, भोकांतून पाण्याचे फवारे उसळतात, आणि ते वर टांगलेल्या निशाणापर्यंत पोहोचले की नाही ह्यावर निर्णय होतो. शुद्ध घसरगाडीच ती; पण घड्याळ नाही. पाणी उंच उडावयाचे तर जोडीने वेग घेतलेला हवा आणि माणसाचा भार फळीवर नीट बसलेला हवा. सुटणे कसे झाले ह्याची चौकशी न करता लागणे कसे झाले तेवढेच येथे पाहिले जाते. मापनाची रीत म्हणून ती ओबडधोबड असेल, परंतु जे मोजावयाचे तेच ती मोजते.

आरंभ सुधारण्याचा प्रश्न ह्या भेदामुळेच नाजूक होतो. स्केलेटनपटूचा आरंभ सुधारावयाचा तर त्याच्याच स्नायूंना, पावलांना आणि झेपेला वळण लावावयाचे. तो स्वतः सुटतो, कष्टही त्याचेच. जोडीचा आरंभ सुधारावयाचा तर दुसऱ्याच्या देहाकडून काम करून घ्यावयाचे. आणि घड्याळावर शतांश दिसू लागले की सर्वांत जवळची वाट पराणीची. ज्या क्रौर्यामुळे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींना मनाई केली त्यातील टोचणे, शेपटी पिरगळणे, चाबूक ओढणे हे प्रकार बव्हंशी आरंभाशी आणि वेगवृद्धीशीच निगडित होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींस सशर्त मोकळीक दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तमिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र ह्या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या. राज्याच्या नियमांनी काठी, चाबूक, टोचणी, विजेचा झटका ही साधने निषिद्ध केली आहेत. आणि दुरुस्तीतील व्याख्येने शर्यत कोणत्याही नावाने ओळखली जावो, गाडी जुंपलेली असो वा नसो, तिला कक्षेत घेतले आहे. नांगरणीची शर्यत ह्यातून सुटत नाही.

निषेध हा नियमाचा एक भाग झाला. त्याच्या जोडीला मापनाची रीत बदलली नाही तर निषिद्ध साधनांचा मोह कायम राहील, कारण इशाऱ्यापासून शेवटापर्यंतचा एकच आकडा जिंकणे-हरणे ठरवीत राहील आणि त्या आकड्यातील सर्वांत स्वस्तात कमी होणारा भाग पहिल्या दोन सेकंदांचा आहे. घसरगाड्यांच्या क्रीडेतील पंधरा मीटरांची सूट, जिच्यावर वर टीका केली आहे, ती येथे उपयोगी पडेल. नाव चुकीचे असले तरी योजना चांगली असू शकते. जोडीस इशारा नको. ठरावीक अवधी द्यावा आणि तिच्या धन्याने ती तिच्या लयीने सोडावी. घड्याळाची रेषा काही मीटर पुढे असावी. इशारा झाल्याबरोबर बैल उसळलेच पाहिजेत ही निकड मग उरत नाही. रुतलेला नांगर मोकळा करून, दोन्ही बैलांचे खांदे जुवाला एकदम लागू देऊन, शांतपणे निघणाऱ्या जोडीचे नुकसान होत नाही. पळत सुटणाऱ्या जोडीचा आजवर जो फायदा होत आला तो घटतो आणि पळू लागणाऱ्या जोडीचा वाढतो. रेषेपर्यंतचे चित्रण मात्र पंचांनी जपून ठेवावे. स्पर्धेच्या निकालासाठी नव्हे, तर त्या काही मीटरांत जनावराशी कसे वागले गेले हे पाहण्यासाठी.

अशा चित्रणाच्या चौकटी एकेक करून पाहिल्या तर चार क्षण वेगळे काढता येतील: माणसाने कासरा सैल केला तो, पहिल्या बैलाचा खांदा पुढे सरकला तो, दुसऱ्याचा सरकला तो, आणि चिखलातून नांगर वर आला तो. त्यांचा क्रम प्रत्येक जोडीत सारखा असेलच असे नाही. दुसऱ्या व तिसऱ्या क्षणांतील अंतर जितके लहान तितकी जोडी एकजीव; पहिल्या व चौथ्या क्षणांतील अंतर हा त्या जोडीचा खरा आरंभकाळ. नोंदवहीत त्यासाठी आणखी दोन रकाने आखावे लागतील.